सिंगापूर सीट, कागद मराठी: आंतरराष्ट्रीय लवादातलं रोजचं काम

टाचणी

लवादाबद्दल मराठीत शोधायला गेलं की दोनच गोष्टी हाती लागतात: कलमांची जंत्री, नाहीतर 'अमुक सरकारला इतक्या अब्जांचा दणका' छापाची बातमी. मधलं काम कुठेच नाही. म्हणून हा धागा.

प्रसंग असा धरू. प्रकल्प महाराष्ट्रात (रस्ता, पवनचक्क्या, बोगदा, काहीही). एक पक्ष भारतीय, दुसरा परदेशी. कराराला कायदा भारतीय, लवादाची सीट (म्हणजे कायदेशीर ठिकाण) सिंगापूर, कामकाजाची भाषा इंग्रजी. आणि साइटवरचे निम्मे कागद मराठीत. नोटिशीपासून वसुलीपर्यंत कोण काय करतं, किती दिवसांत करतं आणि कुठे पाय घसरतो, ते जाणकारांनी लिहावं. 'एकूणच न्यायव्यवस्था' यावर बोलायचं असेल तर वेगळा धागा काढा, इथे नको.

कलमबहाद्दर

सुरुवात नोटिशीच्या आधीपासून करायला हवी, कारण निम्मे घोळ तिथेच झालेले असतात.

बांधकामाचा करार बहुधा फिडिकच्या (सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) साच्यावर असतो. १९९९ च्या लाल पुस्तकात क्रम असा: दाव्याचं कारण कळल्यापासून २८ दिवसांत नोटीस, ४२ दिवसांत तपशीलवार दावा. मग वाद मंडळाकडे, त्यांना निर्णयाला ८४ दिवस. निर्णय पटला नाही तर २८ दिवसांत तसं लेखी कळवायचं. मग समेटासाठी ५६ दिवस थांबायचं. त्यानंतर लवाद. २०१७ च्या आवृत्तीत समेटाचा काळ २८ दिवसांवर आला आहे, त्यामुळे करार कुठल्या वर्षाच्या पुस्तकावर बेतलाय ते आधी पाहा. यातली एक पायरी गाळली की समोरचा पहिल्याच उत्तरात 'दावा अपरिपक्व आहे' म्हणतो आणि सहा महिने त्यावरच जातात. खरी धोक्याची पायरी ती मधली, नापसंती कळवायची. ती राहिली तर मंडळाचा निर्णय अंतिम होऊन बसतो, पुढे कितीही मोठा वकील आणा.

दुसरा खड्डा मुदतीचा. सीट सिंगापूर म्हणून तिथली सहा वर्षं मिळतील असं समजू नका. करार भारतीय कायद्याखाली असेल तर मुदतही भारतीय, म्हणजे तीन वर्षं. सिंगापूरचा कायदाच तसं सांगतो.

तिसरा, संस्थाच गायब असणे. जुन्या करारांत अजून 'एलसीआयए इंडिया' सापडतं. लंडनच्या लवाद संस्थेची ती शाखा २०१६ मध्ये बंद झाली. दुबईची 'डीआयएफसी-एलसीआयए' २०२१ च्या ३४ क्रमांकाच्या हुकमाने गेली आणि तिचं काम दुबईच्याच 'डीआयएसी' या लवाद केंद्राकडे आलं. दुबईत कंत्राटं घेणाऱ्या आपल्या मंडळींनी जुने करार एकदा उघडून बघावेत. आणि 'आयसीसीच्या नियमांनी पण एसआयएसीच्या देखरेखीखाली' अशी खिचडी (आयसीसी ही पॅरिसची लवाद संस्था, एसआयएसी सिंगापूरची) असेल तर तीही पचते, पण आधी न्यायालयाची वारी होते. इन्सिग्मा विरुद्ध अल्स्टॉममध्ये सिंगापूरच्या अपील न्यायालयाने २००९ मध्ये ती पचवून दाखवली. त्यानंतर आयसीसीने २०१२ च्या नियमांत लिहून टाकलं की आमचे नियम आम्हीच राबवणार.

सोमवारचा अर्ज

नोटीस पाठवली म्हणजे लवाद सुरू झाला ना? मग पुढे काय, नुसती वाट बघायची?

बंडलवाली

नोटिशीनंतर लगेच पैसे. आयसीसीकडे अर्जासोबत ५,००० डॉलर भरायचे, ते परत मिळत नाहीत, पुढच्या आगाऊ रकमेत वळते होतात. समोरच्याला उत्तराला ३० दिवस, एसआयएसीत १४. हे दिवस बाहेरून छोटे वाटतात. आतून बघा: कंपनीचा ठराव, वकीलपत्र, सही करणारा साहेब दौऱ्यावर.

लवादाच्या खर्चाची ही आगाऊ रक्कम दोघांनी निम्मी-निम्मी भरायची असते. प्रतिवादी बऱ्याचदा भरतच नाही. मग दावेदाराला दोन्ही वाटे भरावे लागतात, नाहीतर दावा मागे घेतला असं धरलं जातं. दावेदाराचं बजेट पहिल्या दिवसापासून पूर्ण रकमेचं हवं.

भारतातून पैसे पाठवताना आणखी एक फाटा आहे. परदेशी पैसे पाठवायचे म्हणजे बँक चार्टर्ड अकाउंटंटचं प्रमाणपत्र मागते, कर कापायचा की नाही यावर खल होतो, आणि कर कापून पाठवले तर संस्था म्हणते रक्कम कमी आली. मुदत ३० दिवसांची असेल तर हे काम पहिल्या आठवड्यात अकाउंट्सकडे द्यायचं. २८ व्या दिवशी दिलं की वाढीव मुदतीचं पत्र लिहायची वेळ येते.

कलमबहाद्दर

त्यात भर: तातडीचा दिलासा हवा असेल (बँक गॅरंटी वटवू नये, यंत्रं हलवू नयेत) तर दोन दारं. एक, संस्थेचा आणीबाणीचा आर्बिट्रेटर (लवादमंडळ नेमलं जाण्याआधी तात्पुरता आदेश देणारा). दोन, मुंबई उच्च न्यायालयात भारतीय लवाद कायद्याच्या कलम ९ खाली अर्ज. सीट परदेशात असली तरी २०१५ च्या दुरुस्तीनंतर कलम ९ लागू होतं, करारात उलट लिहिलं नसेल तर. मालमत्ता भारतात असेल तर दुसरं दार बरं, कारण परदेशी सीटच्या आणीबाणी आदेशाची भारतात थेट अंमलबजावणी करता येत नाही. ॲमेझॉन-फ्यूचरच्या २०२१ च्या निकालाचा हवाला सगळे देतात, पण तिथे सीट दिल्ली होती. हा फरक विसरून अर्ज लिहिले जातात.

निवाडेकर

नेमणुकीवर थोडं. तिघांचं ट्रिब्युनल (निवाडा देणारं मंडळ) म्हणजे दोन्ही बाजू एकेक नाव सुचवतात, अध्यक्ष ते दोघे मिळून किंवा संस्था ठरवते. नाव सुचवण्याआधी त्या व्यक्तीशी बोलता येतं, पण विषय ठरलेले: वेळ आहे का, या प्रकारच्या कामाचा अनुभव आहे का, हितसंबंध आड येतात का. दाव्याच्या गुणदोषांवर अक्षर नाही. बोलणं झालं की तारीख, वेळ, कोण होतं, याची टिपणी फायलीत लावायची.

हितसंबंधांसाठी आंतरराष्ट्रीय बार असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वं, ताजी आवृत्ती २०२४ ची. लाल, नारिंगी, हिरवी यादी: गंभीर संबंध, जाहीर करायचे संबंध, निरुपद्रवी संबंध. नारिंगीत बऱ्याच गोष्टींना तीन वर्षांचा मागोवा लागतो. तपासायच्या नावांत फक्त दोन पक्ष नसतात. मूळ कंपनी, उपकंपन्या, उपकंत्राटदार, दोन्हीकडचे तज्ज्ञ, आणि दाव्याला पैसा पुरवणारा कोणी असेल तर तोही. आयसीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार तो जाहीर करावाच लागतो. मध्येच आर्बिट्रेटरच्याच चेंबरमधला बॅरिस्टर घ्यायचा आणि मग हरकत आली की आश्चर्य दाखवायचं, हा जुना डाव. आता ट्रिब्युनल अशा नव्या वकिलाला कामकाजातून बाहेर ठेवू शकतं.

गुंठा

कागदांकडे वळू या, कारण खरा लवाद तिथेच होतो.

एकमेकांकडून कागद मागायचे ते रेडफर्न शेड्यूलमध्ये. तक्ता साधा: क्रमांक, काय हवं, का हवं (दाव्याच्या कुठल्या परिच्छेदाशी संबंध), समोरच्याची हरकत, त्यावर उत्तर, शेवटचा रिकामा रकाना ट्रिब्युनलचा. शिकाऊ माणूस दुसऱ्या रकान्यात लिहितो 'गिअरबॉक्ससंबंधी सर्व कागदपत्रे'. शेवटच्या रकान्यात एक शब्द येतो: नामंजूर. त्याच जागी 'मार्च ते जून २०१९ मधील, टर्बाइन क्रमांक १४ ते २२ च्या गिअरबॉक्स तेलाच्या प्रयोगशाळा तपासणीचे अहवाल. उत्तराच्या परिच्छेद ८७ मध्ये प्रतिवादीने यांचाच आधार घेतला आहे' असं लिहा, मिळण्याची शक्यता पुष्कळ वाढते. प्रकार, काळ, कोणाकडे, आणि निकालावर काय फरक पडेल. चारही हवेत.

विलंबाचा वाद असेल तर वेळापत्रकाची पीडीएफ घेऊन काही होत नाही. प्रिमावेरा या नियोजनाच्या सॉफ्टवेअरची मूळ एक्सईआर फाइल मागा. पीडीएफमध्ये पट्ट्या दिसतात, पण कुठलं काम कुठल्या कामावर अवलंबून होतं ते धागे गेलेले असतात, आणि सगळं भांडण त्या धाग्यांवर असतं. दर महिन्याची फाइल वेगवेगळी मागा, नुसती शेवटची नको. शेवटच्या फाइलमध्ये मागच्या तारखा 'दुरुस्त' केलेल्या असतात. कोणाला दुष्ट म्हणायचं नाही, प्लॅनर लोक बिल पास व्हावं म्हणून करतात. पण तज्ज्ञाच्या अहवालाचा पायाच त्यात खचतो.

व्हॉट्सॲपचे निर्यात केलेले संवाद हल्ली प्रत्येक प्रकरणात. दोन गोष्टी सांभाळा. तारखेचा क्रम फोनच्या सेटिंगवर ठरतो: ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? त्याच संवादात १२ च्या पुढचा आकडा शोधायचा आणि त्यावरून क्रम पक्का करून टिपेत लिहायचा. आणि मीडियासकट निर्यात करायची. 'प्रतिमा वगळली' अशा ओळीच जर पुरावा म्हणून आल्या तर नेमका तो फोटोच वादाचा निघतो.

टाचणी

छान चाललंय. आता मराठी कागदांचं कोणीतरी सांगा.

दुभाषी दीड शहाणा

हा माझा प्रांत. जरा लांबेल.

नियम साधा आहे: मूळ कागद आणि त्याचा इंग्रजी अनुवाद, दोन्ही एकाच क्रमांकाखाली. दावेदाराचे सी-१, सी-२, प्रतिवादीचे आर-१, आर-२. पूर्ण अनुवाद की फक्त आधाराचा भाग, हे पहिल्या कार्यपद्धती आदेशात ठरवून घ्या. एक अनुवादक नीट काम केलं तर दिवसाला दोनेक हजार शब्द करतो, हस्तलिखित असेल तर त्याच्या निम्मेही नाही. दोन हजार पानांची टिपणी फाइल सुनावणीच्या आधी महिनाभर हातात दिली तर काय होईल याचा हिशेब आपला आपण करा.

आता नेमकं काय बिघडतं ते.

सरकारी टिपणीवरचा शेरा. 'मान्य' म्हणजे मान्य, वाद नाही. पण 'पाहिले' म्हणजे काय? नुसतं नजरेखालून गेलं की मूक संमती? अनुवादात 'मंजूर' अर्थाचा शब्द टाकला की तुम्ही पुरावा तयार केलात. आणि आमचा लाडका शेरा, 'चर्चा करावी'. बाहेरच्याला वाटतं साहेब उत्सुक आहेत. प्रत्यक्षात फाइल खाली परत गेली. विलंबाच्या तज्ज्ञाला हे सांगायला हवं. दोन 'चर्चा करावी'च्या तारखांमधलं अंतर म्हणजे त्याच्या आलेखातला एक आयता तुकडा आहे.

मुकादम आणि साइट इंजिनिअर यांचे निरोप. 'बघतो' हे वचन नाही, बऱ्याचदा तो सभ्य नकार असतो. त्याचा अनुवाद 'मी यात लक्ष घालीन' केला की समोरचा वकील म्हणणार, बघा, जबाबदारी घेतली. 'करून टाकू' तसंच. आणि 'परवा'! क्रियापद असेल तर कळतं: परवा टाकलं, परवा टाकायचं. पण मेसेज असतो नुसता 'परवा स्लॅब'. मागचा की पुढचा? चार दिवसांचा फरक, आणि काँक्रीटच्या पुरवठ्याच्या वादात चार दिवस म्हणजे खूप. अशा वेळी अनुवादकाने निवड करायची नाही. शब्द मराठीच ठेवायचा, खाली टीप द्यायची की दोन्ही अर्थ होतात, निर्णय पुराव्यावरून.

एक नाजूक शब्द: 'टक्केवारी'. 'टक्केवारीचं बघून घ्या' याचा सरळ अनुवाद 'टक्के तपासा'. महाराष्ट्रात रस्त्याच्या कामाशी ज्याचा संबंध आलाय त्याला दुसरा अर्थ सांगायला नको. दोन्ही शक्यता टिपेत द्या. ठरवणं अनुवादकाचं काम नाही, आणि लपवणं तर नाहीच.

सोमवारचा अर्ज

हे पटत नाही. अनुवादकाने टिपा लिहायला सुरुवात केली की तो साक्षीदार होतो. शब्दाला शब्द द्यावा, अर्थ वकिलांनी मांडावा.

दुभाषी दीड शहाणा

शब्दाला शब्द ठेवून 'परवा'ला इंग्रजीत कुठला शब्द देणार? तिथे दोन वेगळे शब्द आहेत, एक उचलला की निवड झालीच. टीप म्हणजे मत नव्हे. 'या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत' इतकंच. शक्य असेल तर दोन्ही बाजूंनी मिळून एकच अनुवादक नेमावा, नाहीतर वादाच्या शब्दांची एक सामाईक यादी करून ट्रिब्युनलला द्यावी. तीस-चाळीस शब्दांची यादी सुनावणीतले कितीतरी तास वाचवते.

गुंठा

यादीत एककं घाला! सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये. बोलण्यात सगळे गुंठ्यात. आर म्हणजे १०० चौरस मीटर, १,०७६ चौरस फूट. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, १०१.१७ चौरस मीटर. गावात दोन्ही एकच धरतात, चालतं. पण ५० हेक्टरच्या जागेचे ५,००० आर कोणी ५,००० गुंठे म्हणून लिहिले की सुमारे ५,८६० चौरस मीटर हवेतून आले, जवळजवळ दीड एकर. ताबा किती दिला यावर भाडं आणि विलंब दोन्ही अवलंबून असेल तर उलटतपासणीत हा आकडा हमखास निघतो. शिवाय पोटखराबा धरला की वगळला तेही लिहा.

लाख-कोटींचे स्वल्पविराम हा आणखी एक. १,२५,००,००० हा आकडा परदेशी तज्ज्ञाच्या सहायकाने घाईत टंकला की एखादं शून्य इकडचं तिकडे. एक्सेलच्या प्रत्येक पानावर वर लिहा: आकडे रुपयांत, लाखांत की दशलक्षांत.

चंपक

वाचनखूण साठवली. एक भाबडी शंका. साक्षीदाराला इंग्रजी येत नसेल तर?

बंडलवाली

मग त्याचं निवेदन मराठीत घ्या, त्याची सही मराठीवर घ्या आणि सोबत अनुवाद जोडा. होतं उलटं: वकील इंग्रजीत लिहितो, सुपरवायझर शेवटच्या पानावर सही करतो. उलटतपासणीत पहिला प्रश्न गिअरबॉक्सवर नसतोच. 'परिच्छेद १२ मधला हा शब्द, याचा अर्थ सांगाल?' बिचारा गप्प. त्यानंतर त्याच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

सुनावणीचं गणित मांडते, कारण साक्षीदाराच्या भाषेचा त्याच्याशी थेट संबंध आहे. सकाळी ९:३० ते संध्याकाळी ५:३०, म्हणजे ८ तास. जेवण १ तास, दोन चहा १५-१५ मिनिटांचे. उरले साडेसहा. पाच दिवसांचे साडेबत्तीस. ट्रिब्युनलचे प्रश्न आणि फुटकळ कामकाज यांना रोज दीड तास, म्हणजे साडेसात गेले. उरले २५, प्रत्येक बाजूला साडेबारा. हे बुद्धिबळाच्या घड्याळासारखं मोजतात: तुम्ही बोलत असाल तेव्हा तुमचं घड्याळ चालू. यात सुरुवातीचं निवेदन, समोरच्या प्रत्येक साक्षीदाराची उलटतपासणी, तज्ज्ञ, सगळं आलं. दुभाषी वाक्यामागून वाक्य सांगत असेल तर दोन तासांचे चार होतात. म्हणून दुभाष्यातून होणाऱ्या साक्षीचा वेळ कुठल्या प्रमाणात मोजायचा ते आधीच लेखी ठरवा. सुनावणीच्या दिवशी मागितलंत तर समोरचा हसून नाही म्हणतो. एकाच वेळी कानात बोलणारे दुभाषी घेतले तर वेळ वाचतो, पण ते जोडीने लागतात, वीस-तीस मिनिटांनी एकमेकांची जागा घेतात. मराठी-इंग्रजी अशी सराईत जोडी मिळणं सोपं नाही. तारीख ठरली की त्याच दिवशी शोधायला लागा.

कागदांचं बंडल: एकच सलग पानक्रमांक, जो छापील आणि संगणकावरच्या प्रतीत एकच असेल. पीडीएफचं पान २१४ आणि कागदावरचं २११ असं असलं की प्रत्येक प्रश्नाला अर्धं मिनिट जातं. साडेबारा तासांत दोनशे प्रश्न विचारले तर किती गेले, मोजा. साक्षीदारासमोर ठेवायच्या प्रतीवर वकिलांच्या पिवळ्या खुणा राहू देऊ नका. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

टाचणी

सुनावणी सिंगापूरलाच होते ना?

बंडलवाली

सीट म्हणजे खोली नव्हे. सीट सिंगापूर असून सुनावणी मुंबईत किंवा पडद्यावर होऊ शकते. सिंगापूरला झाली तर बहुतेकदा मॅक्सवेल चेंबर्समध्ये, जुन्या कस्टम्स हाउसच्या इमारतीत. सुनावणीची खोली, ट्रिब्युनलची खोली, प्रत्येक पक्षाची खोली असं वेगवेगळं घ्यावं लागतं. प्रिंटर पक्षाच्या खोलीत हवा, हे आरक्षणातच लिहा.

पडद्यावरची असेल तर घड्याळं: हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी ५:३० म्हणजे लंडनला १२, न्यूयॉर्कला सकाळी ७, सिंगापूरला रात्री ८. चार तास चाललं की सिंगापूरचा सदस्य मध्यरात्री उठतो. न्यूयॉर्क नसेल तर दुपारी १:३० ला सुरू करा: लंडन ८, सिंगापूर ४. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनची घड्याळं बदलतात, अमेरिकेची नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्या आठवड्यात सुनावणी असेल तर वेळापत्रकात तिन्ही शहरांच्या वेळा रोजच्या रोज छापा.

चंपक

एन्रॉनचं प्रकरणही असंच लवादात होतं ना?

कलमबहाद्दर

हो. ऑगस्ट १९९५ मध्ये राज्य सरकारने करार मोडल्यावर दाभोळ पॉवर कंपनीने लंडनमध्ये लवाद सुरू केला. पुढे वाटाघाटी होऊन नवा करार झाला, त्यामुळे तो लवाद तडीला गेलाच नाही. बरेचसे लवाद असेच मिटतात. २००१ नंतरची प्रकरणं निराळी, तो मोठा विषय आहे.

सोमवारचा अर्ज

एक मूलभूत प्रश्न. इतकं सगळं मुंबईत का नाही? मुंबईचं लवाद केंद्र २०१६ पासून आहे. साक्षीदार इथले, कागद इथले, जमीन इथली.

निवाडेकर

असू शकतं, आणि पूर्वीपेक्षा बरंही आहे. भारतात सीट असलेल्या आंतरराष्ट्रीय लवादाला निवाड्यासाठी १२ महिन्यांची सक्ती २०१९ पासून नाही. 'निवाड्यात उघड बेकायदेशीरपणा' हे निवाडा रद्द करायचं कारणही आंतरराष्ट्रीय निवाड्याला लागत नाही. पण परदेशी पक्ष सीट निवडताना एकच प्रश्न विचारतो: निवाडा रद्द करायचा अर्ज कुठल्या न्यायालयात जाईल आणि किती वर्षं पडून राहील? कलम ३४ चा अर्ज वर्षभरात निकाली काढावा असं कायदा म्हणतो, बोर्डावरची गर्दी वेगळं म्हणते. शिवाय गायत्री बालसामी प्रकरणात (२०२५) सर्वोच्च न्यायालयाने मर्यादित प्रमाणात निवाड्यात बदल करण्याचाही अधिकार मान्य केला. चांगला की वाईट यावर दोन्ही मतं आहेत. परदेशी पक्षाला मात्र ते अनिश्चित वाटतं. माझं मत विचाराल तर पाच-दहा कोटींच्या वादाला सिंगापूर हा शौक आहे. मुंबई घ्या.

सिंगापूरला सगळं गोड असंही नाही. तिथे आव्हानाला तीन महिने, आणि आपल्यासारखे वरचे ३० दिवस नाहीत. आणि तिथलं न्यायालय निवाडा रद्द करतं तेव्हा लाजत नाही. डीजेओ विरुद्ध डीजेपी वाचा. भारतातल्या मालवाहतूक रेल्वेमार्गाच्या कंत्राटातला वाद, किमान वेतन वाढल्याने वाढीव पैसे मागितलेले. निवाडा ४५१ परिच्छेदांचा, त्यातले निदान २१२ दुसऱ्या दोन लवादांच्या निवाड्यांतून उचललेले. अध्यक्ष तिन्हींत एकच, बाकीचे सदस्य वेगळे. व्याज आणि खर्चाच्या भागात लवादाचा कायदाही चुकीचा लागला होता. सिंगापूरच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य न्यायालयाने तो रद्द केला, एप्रिल २०२५ मध्ये अपिलातही तेच कायम. दोन्ही बाजूंचा वेळ पाण्यात.

गुंठा

म्हणजे निवाडा लिहितो कोण, हाच प्रश्न. सचिव लिहितो का?

निवाडेकर

ट्रिब्युनलचा सचिव तारखा लावतो, कागद लावतो, प्रक्रियेचा इतिहास आणि पक्षांच्या म्हणण्याचा गोषवारा तयार करतो. निर्णय आणि कारणं सदस्यांची. आयसीसीत त्याचं मानधन आर्बिट्रेटरच्या मानधनातूनच जातं, पक्षांवर वेगळा बोजा टाकता येत नाही. शिवाय आयसीसीत निवाड्याचा मसुदा सहीआधी संस्थेच्याच 'कोर्ट' नावाच्या मंडळाकडे तपासायला जातो. बेरजा, व्याजाच्या तारखा, एखाद्या मागणीवर निर्णयच द्यायचा राहिला का, हे तिथे पकडतात. सही झाल्यावर हिशेबाची चूक दिसली तर दुरुस्तीच्या अर्जाला ३० दिवस.

वसुली भारतात करायची असेल तर: उच्च न्यायालयात कलम ४७ खाली अर्ज, सोबत मूळ किंवा प्रमाणित निवाडा, लवादाचा करार, आणि निवाडा परदेशी असल्याचा पुरावा. सुरुवातीला एखादा कागद राहिला तर अर्ज तेवढ्यावरून फेटाळत नाहीत (पीईसी विरुद्ध ऑस्टबल्क, २०१८). परदेशी निवाड्याला मुद्रांक शुल्क नाही (रिओग्लास, २०१८). मुदत तीन वर्षं (वेदांता, २०२०). फेमाचा (परकीय चलन कायद्याचा) भंग झाला म्हणून अंमलबजावणी आपोआप अडत नाही (विजय कारिया, २०२०). निवाडा डॉलरमध्ये असेल तर दर कुठल्या तारखेचा? हरकती फेटाळल्या जाऊन निवाडा अंमलबजावणीयोग्य ठरतो त्या तारखेचा. मध्ये न्यायालयात रक्कम भरली असेल तर तेवढ्या रकमेपुरता भरल्याच्या तारखेचा (कोंचार, २०२४). रुपया घसरत असताना हा मुद्दा कोट्यवधींचा होतो, म्हणून ऋणकोने रक्कम लवकर भरावी की नाही हे त्याच्या वकिलाने पहिल्या दिवशीच गणित करून सांगायला हवं.

चंपक

एलएलबीनंतर या कामात शिरायचं तर पहिली दोन वर्षं काय करावं लागतं?

बंडलवाली

कालक्रम. प्रकरणातल्या प्रत्येक घटनेची तारीख, कागदाचा क्रमांक, पान, एका ओळीत काय घडलं, आणि समोरचा ते मान्य करतो का. हा तक्ता ज्याच्या हातात त्याला प्रकरण सगळ्यांत जास्त कळतं, अगदी सीनियरपेक्षा. मग इमेलांची छाननी, अनुवादांची पडताळणी, साक्षीदारांचे मसुदे, सुनावणीत रोज रात्री शब्दांकनातल्या (बोललेल्या प्रत्येक शब्दाच्या लेखी नोंदीतल्या) चुका. शब्दांकन त्याच संध्याकाळी येतं आणि मराठी नावांची वाट लावून येतं. गावांच्या, माणसांच्या नावांची यादी रिपोर्टरला आदल्या दिवशी द्या. मोठ्या परदेशी फर्ममध्ये वेळ सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत नोंदवायचा असतो. संध्याकाळी आठवून लिहिलेला वेळ नेहमी चुकतो, काम संपलं की लगेच लिहा. सुनावणीच्या आठवड्यात झोप चार-पाच तास धरा आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात कुठलीही मुदत घेऊ नका.

वकिलीच करायला हवी असंही नाही. विलंबाचे तज्ज्ञ मूळचे सिव्हिल इंजिनिअर असतात, हिशेबाचे तज्ज्ञ चार्टर्ड अकाउंटंट. दुभाषी आणि अनुवादक कमी आहेत, हे वर आलंच.

टाचणी

शेवटचा प्रश्न दुभाष्यांना. मोजमाप पुस्तक आणि टिपणी फाइल स्कॅन करायला देताना काय सांगायचं? इथे लोक मोबाइलने फोटो काढून पाठवतात.

दुभाषी दीड शहाणा

३०० डीपीआय, आणि रंगीतच. काळ्या-पांढऱ्यात निळी, लाल, हिरवी शाई एक होते आणि कुठला शेरा कारकुनाचा, कुठला वरिष्ठांचा हे कळायची सोयच जाते. तारखेचा शिक्का पुसट असेल तर त्या पानाचं वेगळं, ६०० वर. टाचण्या काढून स्कॅन करा, पण त्याआधी कुठलं पान कुठल्याला टाचलं होतं त्याचा एक फोटो घ्या. आणि पानाची मागची बाजू सोडू नका. टिपणी पुढच्या बाजूला 'सादर' म्हणून संपल्यासारखी दिसते, साहेबांचं खरं म्हणणं पाठीमागे असतं.